पहिली बांगडी

३ एप्रिल, गुरुवार

पवनचा पुण्याहून फोन. समाजाची स्मरणिका निघणार आहे, तिच्यात आबाजींवर दीड पान छापायचंय, तर तू माहिती लिहून पाठव, म्हणाला. मी म्हटलं, नातू तू पण आहेस, तूच लिही. तर म्हणे, तू तिथं असतेस ना ताई, तुला जास्त माहीत. माझा भाऊ असाच आहे. लांबून होत नाही ते सगळं काम ताईचं.

लिहायला बसले आणि दोन ओळींत अडकले. "मारोतराव कासार यांनी शिरपूर जैन आणि आजूबाजूच्या खेड्यांत उभा जन्म बांगड्यांचा धंदा केला. ते अत्यंत कष्टाळू आहेत." पुढे काय? जे आठवतं ते छापण्यासारखं नाही आणि छापण्यासारखं काही आठवत नाही. म्हणून ही वही वेगळी काढली. स्मरणिकेत मावणार नाही ते इथं लिहीन.

आबाजींना लकवा झाला त्याला महिना होत आला. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. बोललेलं फक्त आजीला आणि मला कळतं. सगळं खाटेवर. मी एका बाजूनं, आजी एका बाजूनं, असं करून त्यांची कूस बदलतो. आजीचे गुडघे कधीच कामातून गेलेत, माझी कंबर आता बोलायला लागली आहे.

आणि लग्नसराई तोंडावर आली आहे. दुकानात बसून बांगड्या विकायला कोणाची हरकत नाही, ते मी चार वर्षं करतेच आहे. पण लग्नघरी जाऊन नवरीला हिरवा चुडा भरायचा, आयाबायांना भरायच्या, हे आबाजींचं काम, आणि आमचं वर्ष त्याच्यावरच निघतं. माझा हात आता बऱ्यापैकी बसलाय. आबाजींनीच चार वर्षं शेजारी बसवून शिकवलं. पण मी विधवा. विधवेनं नवरीच्या हातात बांगडी भरायची, हे इकडे कोण चालवून घेणार? काम येतं, पण करायची सोय नाही.

हे जमलं नाही तर दुकान बंद, आणि मी संस्कृतीला घेऊन पवनच्या दारात. आई आधीच तिथं त्याची पोरं सांभाळते. मी जाऊन भांडी घासायची आणि माझ्या पोरीनं मामीच्या घरात जपून बोलायचं. ते मला नको. बाकी कशाचंच नक्की सांगता येत नाही, पण तेवढं मला नको.

६ एप्रिल, रविवार

पहिलं बोलावणं आलं. माणूस दारात उभा राहून म्हणाला, "मारोतीबुवा येत असन तं सांगा, नाई तं मालेगाववाल्याले सांगतो."

आजीनं भाकरी थापता थापता आतूनच सांगितलं, "येतो आमी. मी येतो आन हे नात येते."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आजी, तुले कुठी भरता येते?"

"मले भराचं काय हाये? मी सवाशीन हाये का नाई? पयली बांगडी माह्या हातची. बाकीच्या तू भर. कोन काय म्हनते?"

"उन्हाचं तुये गुडघे चालतीन काय?"

"ते माह्यं मी पाहीन."

आबाजी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. डावा हात उचलून "बराबर" म्हणाले. मग म्हणाले, "गोयी दे." जन्मात गोळी न घेतलेला माणूस. ताप आला की तुळशीचा काढा आणि वर सायकल. लकवा झाल्यापासून गोळ्या आजी चमच्यात चुरून जबरदस्तीनं घालायची. आज स्वतः मागितली. मोठ्या आजारानं माणूस मनातून भितो, असं डॉक्टर बोलले होते, ते खरं असावं.

१७ एप्रिल, गुरुवार

तीन घरं झाली. आजीची युक्ती चालतेय. ऑटोतून तिला उतरवायचं, धरून आत न्यायचं, पाटावर बसवायचं. ती नवरीच्या बोटांत पहिली बांगडी घालते, अंगठ्याच्या हाडापर्यंत नेते आणि सोडते. तिथून पुढे ती मी चढवते आणि बाकीच्याही मीच भरते. बायका पाहतात, एकमेकींकडे पाहतात, पण बोलत नाहीत.

काल एका नवरीचा हात फार आखडलेला होता. मी दाबतेय आणि ती ओढतेय. मग आबाजींचं आठवलं. ते बाईचा हात हातात घेतला की आधी विचारायचे, "माहेर कोनतं व माय?" माहेराचं नाव निघालं की बाई बोलायला लागायची, आणि बोलायला लागली की हात सैल पडायचा. तेवढ्यात बांगडी मनगटावर. मला लहानपणी वाटायचं की आबाजींना सगळ्यांच्या माहेरची फार काळजी. पण नवरीला माहेर काय विचारणार, ती माहेरातच बसलेली. मी विचारलं, शाळा कुठली. तिनं शिपायाची नक्कल करून दाखवली आणि हसता हसता हात दिला.

घरी आल्यावर आबाजींचा रोजचा प्रश्न. "किती राह्यले?" म्हणजे लग्नं किती राहिली. कॅलेंडर त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतलंय, झोपल्या जागेवरून दिसेल असं. मी म्हटलं, भल्ले राह्यले अजून. तर म्हणाले, "दूध दे."

खाटेवर पडलेत, पण धंदा डोक्यातून जात नाही.

२३ एप्रिल, बुधवार

ऊन फार. दुकानात दुपारी कोणी नाही. पवनचा मेसेज, माहिती पाठवली का? नाही पाठवली.

आबाजींच्या हाताबद्दल लिहावंसं वाटतं. कासाराचे हात मऊ लागतात. बोटं राठ असतील तर बाई हात देत नाही, दिला तर खेचून घेते. म्हणून आबाजींनी घरात कधी कुऱ्हाड धरली नाही, पाण्याचा दोर ओढला नाही. बहात्तरच्या दुष्काळात बांगड्या कोण घेणार, तेव्हा ते खडी फोडायला गेले होते. बोटांना चिंध्या बांधून हातोडी धरायचे. मुकादम म्हणायचा, नवरी आली कामाले. आबाजी हे सांगताना स्वतःच हसायचे. चिंध्या काही सोडल्या नाहीत, दुष्काळ संपला आणि पुन्हा सायकलवर पेटी बांधून निघाले. उन्हापावसात रोज दूरदूरची गावं. रात्री अंगात ताप, सकाळी टायरात हवा. माझ्या बाबांनी हा धंदा नाही केला, कारंज्याला जिनिंगमध्ये लागले आणि तिथेच अकाली गेले. आबाजी तिसऱ्या दिवशीपासून नाही, पण तेराव्यानंतर लगेच पेटी घेऊन बाहेर पडले होते. मला तेव्हा राग आला होता. आता चार तोंडं समोर असली की काय करावं लागतं ते कळतं.

हे सगळं दीड पानात बसेलही. पण आज आजीला तेल लावताना तिचे हात पाहिले. आबाजींनी जी कुऱ्हाड धरली नाही ती तिनं धरली. दोर तिनं ओढला. सारवण, जळण, दळण, गाईचं शेण सगळं तिचं. बोटांची पेरं सुजून गाठाळली आहेत, हातातल्या बांगड्या कित्येक वर्षांत निघालेल्या नाहीत, कारण त्या आता निघूच शकत नाहीत. हे पवनला कसं लिहून पाठवू? स्मरणिका आबाजींवर आहे.

१ मे, गुरुवार

आज फार वाईट झालं. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मालेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात गोकर्णाबाईच्या लेकीचं, प्रणिताचं लग्न. गोकर्णाबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. तिचा स्वतःचा चुडा आबाजींनीच भरलेला. फार कडक बाई, देवाधर्माची. जातानाच आजीला ऑटोत गरगरायला लागलं. उतरल्यावर तिला कडुलिंबाखाली खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी आत गेले. हळदीची वेळ झालेली, बायकांची घाई चाललेली, "भर व लवकर, भर व लवकर." प्रणितानं हात पुढे केला. आणि मी भरायला लागले. आजी बाहेर आहे, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. कामात असले की मी कोण ते मला आठवत नाही, तसं झालं.

डावा हात भरत आला तेव्हा गोकर्णाबाई आली. "पयली कोनं चढवली?"

मी म्हटलं, "मीच."

तिचा चेहरा पांढरा पडला. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "उतरव बाई. समद्या उतरव."

मी उतरवल्या. कोवळा हात, त्यामुळे एकही फुटली नाही, पण प्रणिताच्या अंगठ्याखाली लाल झालं. ती रडायला लागली. आजीला दोघींनी धरून आणलं, तिनं पहिली घातली, आणि मी पुन्हा सगळ्या भरल्या. मान वर केली नाही.

निघताना गोकर्णाबाई ऑटोपाशी आली. "तुह्यावर राग नाई माहा, योगिनी. पन पोरीचा संसार हाये. मारोतीबुवा हाये तोवर तुया आजीच्या हातचं चालते. पुढचं पुढं पाहू."

गोकर्णाबाईनं आबाजींच्या मरणाचं असं तोंडावर बोलायला नको होतं. निदान आजीसमोर तरी नको होतं.

आबाजींनी विचारलं, "चुडा झाला काय?" मी म्हटलं, झाला. "पोट्टी रडली काय?" म्हटलं, रडली. "रडतेच," म्हणाले. मग कॅलेंडरकडे पाहून, "किती राह्यले?" मी म्हटलं, "मोजा तुमीच." तशीच आत गेले.

१४ मे, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. आबाजींना ताप, छातीत कफ. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, वाशिमला नेऊन काही होणार नाही, आता घरीच राहू द्या, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. पवन रातोरात ट्रॅव्हल्सनं आला. आल्या आल्या माणसं जमली की गाड्या कुठे लावायच्या, मंडप कुठे, हेच पाहत होता. त्याचंही खरं, तो सुट्टी काढून आलेला.

परवा संध्याकाळी आबाजींचा श्वास फार वर लागला. आजी त्यांच्या कानाशी वाकली आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मी विचारलं, काय म्हणत होतीस. तर म्हणे, "काई नाई. औषद घ्या म्हनलं."

आणि घेतलं. काल सकाळी डोळे उघडले, पेज मागितली. प्रत्येक घोटाला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, पण तोंड मिटत नाहीत. चमचा खाली ठेवला की डाव्या हातानं खूण, आणखी दे. डॉक्टर चकित झाले. पवन आज परत गेला. जाताना म्हणाला, "आबाजी भारी जिद्दी आहेत." आणि मग हळूच, "लग्नसराई झाली की विचार कर ताई. किती दिवस ओढशील?"

मला एकदा वाटून गेलं की सुटले असते तर बरं झालं असतं. त्यांचेही हाल थांबले असते आणि आमचेही. इतका जीव धरून काय ठेवायचं, कशासाठी? पेज गाळून गाळून माझे हात दुखतात. लिहिलं आहे तर राहू दे.

उद्या बोरीकडे चुडा आहे. आजी येईल.

२६ मे, सोमवार

आबाजींनी नवीन खूळ काढलंय. "भरनं येते तुले. काढनं शिक."

मी म्हटलं, येते मला काढणं. तर मान हलवली. "पोट्टीच्या हातातून कोनीई काढते. बुढीच्या हातातून काढ." आणि आजीला जवळ बसवून घेतलं.

सुजलेल्या सांध्यातून काचेची बांगडी न फोडता काढायची. आधी हात कोमट पाण्यात. मग साबण नाही, साबणानं बांगडी घसरते आणि मध्येच अडकून फुटते. खोबरेल तेल. मग करंगळीकडचं हाड आणि अंगठ्याचं हाड एका वेळी आत दाबायचं, आणि दाबून धरून थांबायचं. ओढायचं नाही. हात स्वतः लहान होतो, तेव्हा बांगडी येते. आबाजी डाव्या हातानं दाखवत होते, ते वाकडं पडायचं, मग चिडायचे. मी दिवसभर दुकान, दोन चुडे आणि अंथरुणाचं धुणं करून बसलेले. मी म्हटलं, "काढाचे पैसे कोन देते, आबाजी? आजवर कोनी देल्ले काय?"

"शिक," एवढंच म्हणाले.

शेवटी एक निघाली. आख्खी. इतक्या वर्षांनी आजीच्या मनगटावर तिची पांढरी खूण दिसली. आबाजींनी ती खूण बोटानं चोळली, आणि तीच बांगडी मला परत घालायला लावली. मग रोज एक. शिकणं, शिकवणं, आणि आजी बिचारी हात पुढे करून निमूट बसलेली. तिच्या डोळ्यांना पाणी येतं. मी विचारते दुखतंय का, तर नाही म्हणते.

८ जून, रविवार

शेवटची तिथी झाली. आता पुढे बरेच दिवस मुहूर्त नाहीत. आज दोन घरं होती. दुसऱ्या घरी आजीला पाटावरून उठवेना, चौघींनी उचललं. तीही पार गळून गेली आहे. माझी बोटं काचांनी चिरलेली, पण सराई पार पडली. एकदा सोडून कुठे गडबड झाली नाही. पावसाळ्यापुरतं तरी दुकान उघडं राहील.

आबाजींनी विचारलं, "किती राह्यले?"

"संपले, आबाजी. झाले समदे."

"समदे?"

"समदे."

"हं," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं खूश झाले असतील. संध्याकाळची गोळी दिली तर तोंड फिरवलं. म्हटलं असेल कंटाळा.

११ जून, बुधवार

तीन दिवस काही घेत नाहीत. गोळी नाही, पेज नाही, दूध नाही. इतके दिवस लहान पोरासारखं मागून मागून खाणारा माणूस. मी ओठांना चमचा लावते, ते डोळे मिटून घेतात. मी चिडले. म्हटलं, "आतापर्यंत केलं ते काय पान्यात घालाचं काय?" आजीनं माझा हात धरून चमचा खाली ठेवायला लावला.

"राहू दे," म्हणाली. "थकले ते."

आजीनं इतक्या लवकर हार मानावी, याचं मला नवल वाटलं. मे महिन्यात हीच बाई त्यांना मरू देत नव्हती.

१३ जून, शुक्रवार

सकाळी गेले. आजीचा हात त्यांच्या डाव्या हातात होता.

१८ जून, बुधवार

घर भरलंय. आई आली, पवन आला, त्याची बायको आली. चौकात फ्लेक्स लागला, "कष्टाळू, मनमिळाऊ, सेवाभावी." आबाजी मनमिळाऊ होते हे मला फ्लेक्सवरून कळलं. ते तर चिडके होते. पण कष्टाळू खरं.

येणाऱ्या बायका आजीपाशी बसतात, रडतात, आणि तिच्या हातांकडे पाहतात. दहाव्याची गोष्ट कुजबुजत चालते. आता या घरात राहणारी सवाशीण कोणी उरली नाही. पहिली बांगडी कोण चढवणार? पवननं आज स्पष्ट विचारलं. मी म्हटलं, तेरावं होऊ दे. तो म्हणाला, तेराव्यानंतर काय बदलणार आहे?

२२ जून, रविवार

दहावा.

घाटावरून येऊन बायका मागच्या अंगणात बसल्या. माझ्या वेळी सासरी पाट्यावर हात ठेवून वरवंट्यानं फोडल्या होत्या, काचा मनगटात शिरल्या होत्या. आज तसाच पाटा मांडलेला होता. एक चुलत आजी, तीही विधवा, पुढे सरकली. हे काम विधवेनंच करायचं असतं.

आजीनं हात मागे घेतला. "योगिनी करीन."

"कर मंग," चुलत आजी म्हणाली. "तूई तशीच हायेस."

"पाटा उचला," आजी म्हणाली. "कोमट पानी आना. तेल आना."

कोणाला काही समजेना. मी बसले. आजीचा हात पाण्यात धरला, पुसला, तेल लावलं. दोन्ही हाडं दाबली आणि थांबले. पहिली निघाली, खाली ताटात ठेवली. मग दुसरी. एक दोनदा आजीनं दात आवळले, पण हात सैल ठेवला. कोणी घाई केली नाही. दाराशी गोकर्णाबाई उभी होती, ती भेटायला आली होती. सगळ्या निघाल्या. एकही फुटली नाही, एकीलाही तडा नाही. आबाजींनी शिकवलेलं कामी आलं, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मग रडायलाच आलं.

चुलत आजी म्हणाली, "झालं. उठा आता."

आजी उठली नाही. तिनं दोन्ही मोकळे हात पुन्हा माझ्यापुढे धरले.

"रीत झाली ना? आता भर."

"तुळसाबाई," कोणीतरी म्हणालं, "लोकं काय म्हनतीन?"

"जे म्हनाचं ते म्हनतीन. कासाराच्या दुकानात बसाचं हाये मले. माहाच हात रिकामा दिसला, तं गिऱ्हाईक कायले हात देईन?" मग माझ्याकडे वळून, "ह्याच घाल. नव्या कायले खर्चतं?"

आईनं पदर तोंडाला लावला. पवन मागे उभा होता. मी भरल्या. दोन-तीन बायका उठून गेल्या. गोकर्णाबाईही गेली, माझ्याशी न बोलता.

१० जुलै, गुरुवार

पवन आणि सगळे गेले. राखीपर्यंत ठरव, म्हणालाय.

दुकान रोज उघडते. आजी समोर बसते, हातभर बांगड्या घालून. बायका येतात, आजीकडे पाहतात, पुडकं बांधून मागतात. घरी जाऊन घालू, म्हणतात. भरून द्या असं एकीनंही म्हटलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघी शटर ओढतो. आजी म्हणते, होईन. मी म्हणते, हो.

२८ जुलै, सोमवार

उद्या पंचमी. दुपारपर्यंत पुडकीच बांधली.

मग एक ऑटो थांबला. गोकर्णाबाई उतरली. ओट्यावर आली, आणि रस्त्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसली. तिच्या मागून प्रणिता आत आली. पहिल्या पंचमीला माहेरी आलेली, चेहरा भरलेला.

"ताई, भरून द्या."

मी आजीकडे पाहिलं. आजीनं हात जागचा हलवला नाही, बाहेरच्या पाठीकडे पाहत बसली.

"आईनं चालते म्हटलं?" मी हळूच विचारलं.

"आईच घेऊन आली. म्हने, मी नाई पाहनार, तू जा." मग आणखी हळू, "तुमच्या आजीच्या बांगड्या दहाव्याले फुटल्या नाई, हे मायच्या डोक्यातून जाऊन नाई राह्यलं."

मी तिचा हात घेतला. सासर कोणतं, विचारलं. ती सांगायला लागली. सासू, दीर, त्यांची संत्र्याची बाग, नवऱ्याचं घोरणं. हात सैल होता. पहिली बांगडी मीच चढवली. आणि बाकीच्या सगळ्या.

भरून झाल्यावर ती मोबाईल काढून हाताचा फोटो घ्यायला लागली. बाहेरून, पाठ न वळवता, गोकर्णाबाईचा आवाज आला.

"पोट्टे, भरनारीच्या पाया पडली काय?"

प्रणिता चटकन खाली वाकली. मी गडबडले. भरणाऱ्यानं अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं, आबाजी नेहमी म्हणायचे, पण ते मला शिकवायचं त्यांचं राहून गेलं. त्यांचं ते सौभाग्याचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. आजी माझ्याकडे पाहत होती, बाहेरची पाठही वाट पाहत होती.

"हात जपजो," मी म्हटलं.